इस्तंबूलचे राजवाडे आणि वस्तुसंग्रहालयं: काय बघावं, कोणत्या क्रमाने?

रानजाई

इस्तंबूलच्या सहलींचे कार्यक्रम वाचते तेव्हा एक गोष्ट फार खटकते. सकाळी टोपकापी राजवाडा, दुपारी डोल्माबाह्चे राजवाडा, वाटेत आया सोफिया, संध्याकाळी बॉस्फरस सामुद्रधुनीत बोटीची सफर, हे सगळं एकाच दिवसात कोंबलेलं असतं. टोपकापीला दीड तास. गर्दीच्या दिवसांत एवढा वेळ रांगांमध्येच जातो. म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांनी हे शहर पाहिलंय त्यांनी भर घालावी, जे जाणार आहेत त्यांनी शंका विचाराव्यात. मशिदी आणि बाजार यांवर वेगळा धागा काढता येईल, इथे राजवाडे आणि संग्रहालयं एवढंच.

माझं मत आधीच सांगून टाकते: हे दोन राजवाडे एका दिवशी बघू नका, आणि टोपकापी आधी बघा.

दोन्ही एकाच उस्मानी घराण्याचे. सुलतान दुसऱ्या मेहमतने १४५३ मध्ये शहर जिंकलं, त्यानंतर काही वर्षांतच टोपकापीचं काम सुरू झालं. पुढे जवळपास चारशे वर्षं साम्राज्याचं मुख्य ठाणं तेच. १८५६ मध्ये सुलतान अब्दुलमजीद पाण्याकाठच्या नव्याकोऱ्या डोल्माबाह्चेत राहायला गेला. म्हणजे पहिला वाडा सत्ता चढती असतानाचा आणि दुसरा ती उतरणीला लागल्यावरचा. पण बघणाऱ्याला चढत्या काळातला वाडा साधा वाटतो आणि उतरत्या काळातला डोळे दिपवतो. हे कोडं मनात धरून दोन्हीकडे फिरलं तर प्रत्येक दालन काहीतरी सांगू लागतं.

टोपकापीला भव्य दर्शनी बाजू अशी नाहीच. आपल्याकडच्या मोठ्या वाड्यात चौकामागून चौक लागत जातात तशी रचना आहे, फक्त चौक मैदानाएवढे. एकूण चार. पहिल्या चौकात कोणालाही येता यायचं. दुसऱ्यात ज्यांचं दरबारी काम असेल ते, आणि त्या दरवाजातून घोड्यावर बसून आत जाण्याचा मान फक्त सुलतानाचा. तिसऱ्यात सुलतानाची खास माणसं. दर दरवाजाला माणसं गळत जातात. सत्ता दाखवायची रीत ही होती, उंच भिंती आणि खांब नव्हेत. हे कळायला आत सावकाश चालत जावं लागतं, धावतपळत गेलं तर "राजवाडा कुठाय?" असंच वाटत राहतं. तसं म्हणणारे पुष्कळ भेटलेत.

जनानखाना, म्हणजे हारेम, कितीही गर्दी असली तरी सोडू नका. तिसऱ्या मुरादचं दालन १५७८ चं, मिमार सिनान या थोर वास्तुविशारदाच्या हातचं. भिंतीतच तीन टप्प्यांचं कारंजं आहे. पाण्याच्या आवाजात आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये हाही त्याचा उपयोग होता असं सांगतात. या दालनातल्या भिंतींवरच्या इझनिक गावच्या रंगीत फरशांपाशी भिंतीला शक्य तितकं जवळ, तिरकं उभं राहून बघा. निळा आणि हिरवा रंग सपाट आहे, पण पोवळ्यासारखा लाल मात्र किंचित वर आलेला दिसतो, बोटाने चाचपता येईल इतका. (हात लावू नका!) तो लाल रंग लोहयुक्त मातीचा जाड थर देऊन काढायचे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो साधला, पुढच्या शतकात बिघडत जाऊन तपकिरी झाला. वाड्यात फिरताना कुठल्याही भिंतीवरचा लाल बघून ती आधीची की नंतरची याचा अंदाज बांधता येतो. मला तर त्याचा नादच लागला होता.

त्याला लागूनच तिसऱ्या अहमदची फळांची खोली, १७०५ ची. एवढीशी. भिंतभर लाकडी फळ्यांवर फुलदाण्या आणि फळांच्या परड्या रंगवलेल्या: अंजीर, डाळिंब, पेअर. आरशांनी भरलेल्या कितीही दालनांपेक्षा अशी एक खोली मला जास्त प्रिय आहे.

डोल्माबाह्चेबद्दल प्रतिसादांत लिहीनच. आधी तुमचं ऐकते.

कळसूत्री

उत्तम धागा. दुसऱ्या चौकाबद्दल दोन गोष्टी.

एक, दिवाण, म्हणजे वजिरांची बैठक भरायची ते दालन. भिंतीत वर सोनेरी जाळीची एक खिडकी आहे. तिच्यामागे बसून सुलतान बैठक ऐकत असे. तो आज तिथे आहे की नाही हे खाली बसलेल्यांना कळायचं नाही. मी त्या जाळीखाली बराच वेळ उभा होतो. बाकी सगळे वरच्या नक्षीचे फोटो काढून पुढे निघून जात होते.

दुसरं, मुदपाकखाना. चौकाच्या उजव्या अंगाला धुराड्यांची लांबच लांब ओळ. १५७४ च्या आगीनंतर सिनाननेच ती इमारत पुन्हा उभारली. इथे चिनी मातीच्या भांड्यांचा संग्रह आहे, दहा हजारांहून जास्त नग, चीनच्या बाहेर अशा संग्रहांत याची गणना फार वर होते. फिकट हिरव्या सेलाडॉनच्या थाळ्या मुद्दाम बघा. विषारी अन्न पडलं की त्यांचा रंग बदलतो असा समज होता, म्हणून दरबारात त्यांना मोठी मागणी. प्रवासी कंपन्या मुदपाकखाना सरळ गाळतात.

शेवंती

वाचते आहे. आम्ही वसंतात जायचं ठरवतोय, सोबत आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात आणि आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. रानजाई ताई, टोपकापी त्यांना झेपेल का? आणि खायचं काय?

रानजाई

शेवंती, झेपेल, फक्त आत शिरायची बाजू नीट निवडा. ट्रामने गुल्हाने थांब्यावर उतरलात तर चढ चढावा लागतो. सुलतानअहमत थांब्यावर उतरून आया सोफियाच्या मागून गेलात तर रस्ता बराच सपाट आहे. तिसऱ्या अहमदचं सुंदर कारंजं (१७२८) ही खूण, त्याच्या समोरच शाही दरवाजा. चौकांत झाडं आहेत, बसायला बाकं आहेत. त्रास होतो तो हारेममध्ये: दगडी गोटे बसवलेल्या वाटा, उंच उंबरठे आणि एकदा आत गेल्यावर ठरलेल्या वाटेनेच बाहेर यायचं. बाबांना काठी घेऊ द्या आणि दरवाजा उघडताउघडता आधी हारेमच उरका, मग बाकीचं निवांत.

शेवटच्या चौकात बगदाद कोश्क, म्हणजे बागेतला छोटा महाल आहे, चौथ्या मुरादने बगदाद घेतल्यावर १६३९ मध्ये बांधलेला. तिथल्या गच्चीवरून गोल्डन हॉर्न ही खाडी दिसते. त्या ठिकाणी त्यांना अर्धा तास नुसतं बसू द्या.

खाण्याचं: मर्जिमेक चोरबासी म्हणजे मसुराच्या डाळीचं सार, वर लिंबू पिळून. कुठेही मिळतं. पण काही ठिकाणी ते मटणाच्या पाण्यात करतात, म्हणून "एत सुयू वार म?" असं विचारून घ्यायचं. पालक किंवा चीज भरलेलं गोझलेमे तव्यावर समोरच भाजतात. तीळ लावलेले सिमित तर गाडीगाडीवर. आणि आयरान म्हणजे आपलं खारं ताक. आईंची अडचण होणार नाही.

दर्यावर्दी

टोपकापीच्या खजिन्याबद्दल लिहायलाच हवं, कारण तिथे आपला संबंध थेट येतो.

आमच्या वाटाड्याने एका सोन्याच्या सिंहासनासमोर उभं करून "हे तुमचं दिल्लीचं मयूरासन" असं सांगितलं. मंडळी गहिवरली, फोटो काढले. ते मयूरासन नाही. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्ली लुटली तेव्हा मयूरासन नेलं हे खरं, पण १७४७ मध्ये त्याचा खून झाल्यावर त्या आसनाचा ठावठिकाणा उरला नाही. टोपकापीत आहे ते दुसरं सिंहासन. मीनाकारी, मोती, पाचू, माणकं लावलेलं. नादिरशहाने सुलतान पहिल्या महमूदला भेट म्हणून पाठवलेलं. त्याची कारागिरी हिंदुस्तानी मानतात.

आणि त्याच देवाणघेवाणीतली दुसरी वस्तू म्हणजे प्रसिद्ध टोपकापी खंजीर. मुठीवर तीन मोठे पाचू, वरच्या टोकाला झाकणाखाली छोटं घड्याळ. हा खंजीर सुलतानाने नादिरशहासाठी करवून घेतला होता. भेटी घेऊन शिष्टमंडळ निघालं, वाटेतच नादिरशहा मारला गेल्याची बातमी आली आणि खंजीर परत आला. म्हणून आज दोन्ही वस्तू एकाच खजिन्यात आहेत. लोक शहाऐंशी कॅरटच्या चमचेवाल्याच्या हिऱ्यापुढे रांग लावतात, लावू देत. मी मात्र सिंहासन आणि खंजीर यांच्यात येरझाऱ्या घालत होतो. १७३९ च्या मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. आपण शाळेत ही दोन प्रकरणं वेगवेगळी शिकतो, त्या काचेपुढे ती एका वर्षात येऊन बसतात.

कळसूत्री

दर्यावर्दी, फार छान माहिती. मलाही तिथे मयूरासन म्हणूनच सांगितलं होतं. पाटी वाचावी, हे खरं.

पैठणचा वाटसरू

आपला संबंध निघालाच आहे तर आमच्या मराठवाड्याचा आणखी जवळचा सांगतो. हा डोल्माबाह्चेचा.

१९२२ मध्ये सुलतानपद रद्द झालं, पण खिलाफत दीड-एक वर्ष टिकली. शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद डोल्माबाह्चेत राहायचा. अत्यंत सुसंस्कृत माणूस, चांगला चित्रकार, युरोपीय संगीताचा जाणकार. त्याचं ग्रंथालय राजवाड्यात बघायला मिळतं. ३ मार्च १९२४ ला अंकाऱ्याच्या संसदेने खिलाफत रद्द केली आणि त्याच रात्री त्याला सांगण्यात आलं की निघा. पहाटेच्या अंधारात मोटारीतून त्याला कुटुंबासह शहराबाहेर चाताल्जाच्या स्टेशनवर नेलं आणि आगगाडीत बसवलं. तो परत कधी आला नाही.

पुढे हैदराबादच्या निजामाने त्याला तनखा सुरू केला आणि १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार हिचं लग्न निजामाच्या थोरल्या मुलाशी, आझम जाहशी झालं. त्याच समारंभात घराण्यातली निलुफर धाकट्या मुलाला दिली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. खलिफासाठी आमच्या खुलताबादला कबरीची इमारत बांधली गेली. तो १९४४ मध्ये पॅरिसला वारला, दुसरं महायुद्ध चालू होतं, देह तिथल्या मशिदीत वर्षानुवर्षं ठेवला गेला आणि अखेर १९५४ मध्ये मदिनेत दफन झालं. खुलताबादची ती इमारत रिकामीच राहिली.

मी ती इमारत पाहिलेली होती. त्यामुळे डोल्माबाह्चेतल्या ग्रंथालयात पुस्तकांची कपाटं बघताना माझ्या अंगावर काटा आला. वेरूळ-खुलताबाद फिरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं, म्हणून सविस्तर लिहिलं.

शेवंती

बापरे, हे काहीच माहीत नव्हतं! आमचं सासर संभाजीनगरचं. आता आधी खुलताबाद, मग इस्तंबूल.

रानजाई

वाटसरू, मनापासून धन्यवाद. यासाठीच धागा काढला होता.

आता डोल्माबाह्चेबद्दल. १८४३ ते १८५६ या काळात बाल्यान या आर्मेनियन वास्तुविशारद घराण्याने बांधला. २८५ खोल्या. बॉस्फरसच्या काठाने सहाशे मीटर पसरलेला पांढरा दगड, आत युरोपीय धाटणीचा थाट. बाकारा या फ्रेंच बनावटीच्या स्फटिकाच्या खांबांचे कठडे लावलेला जिना आहे. दरबार हॉलमध्ये साडेचार टनांचं झुंबर, साडेसातशे दिवे, वरचा घुमट छत्तीस मीटर उंच. हे झुंबर राणी व्हिक्टोरियाने भेट दिलं असं वर्षानुवर्षं सांगत आले, पण पैसे मोजून विकत घेतल्याची पावती नंतर कागदपत्रांत सापडली.

मला ती पावती झुंबराहून महत्त्वाची वाटते. कारण हा वाडा बांधला जात असतानाच क्रिमियाचं युद्ध सुरू झालं आणि १८५४ मध्ये उस्मानी सरकारने इतिहासातलं पहिलं परदेशी कर्ज काढलं. मग कर्जावर कर्ज. १८७५ मध्ये हप्ते थकले, १८८१ मध्ये सावकार देशांच्या प्रतिनिधींनी कर्ज वसुलीसाठी स्वतःची कचेरी थाटली आणि मीठ, तंबाखू यांच्या उत्पन्नावर हात ठेवला. एकट्या राजवाड्याने साम्राज्य बुडालं असं मी म्हणत नाही, युद्धांचा खर्च कितीतरी मोठा होता. पण युरोपच्या राजांना "आम्हीही तुमच्यासारखेच" हे दाखवायची जी निकड होती ती त्या हॉलच्या प्रत्येक खांबावर दिसते. टोपकापीच्या सुलतानाला असं कोणाला काही दाखवायचं नव्हतं. तो जाळीमागे बसायचा. म्हणून म्हणते, टोपकापी आधी.

सांजवेळ

थोडा वेगळा सूर लावते. मला डोल्माबाह्चे उधळपट्टीचा वाडा म्हणून बघवत नाही, कारण तिथली माझ्या लेखी सर्वांत मोठी खोली सगळ्यात साधी आहे. १० नोव्हेंबर १९३८ ला सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क तिथे वारले. पलंगावर तुर्की झेंडा अंथरलेला, शेजारी नऊ-पाचवर थांबवलेलं घड्याळ. एवढा वेळ मोठमोठ्याने बोलणारे शाळेचे मुलगे त्या दारात येऊन गप्प झाले, शिक्षकांनी काही न सांगता. एक आजी पलंगाकडे बघत प्रार्थना पुटपुटत होती. आजही दर १० नोव्हेंबरला त्या मिनिटाला भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसं, गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. ज्यांनी सुलतानपद संपवलं त्यांनी शेवटचे दिवस सुलतानाच्या वाड्यात काढले, तो वाडा आता लोकांचा आहे. माझ्या मनात डोल्माबाह्चे म्हणजे ती खोली.

आत फोटो काढू देत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. त्यामुळे बघणं आपोआप नीट होतं.

रानजाई

सांजवेळ, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. उधळपट्टी हा माझा शब्द नाही, पण रोख तसा वाटला असेल. ती खोली मीही विसरलेली नाही.

शिलालेखवेडा

राजवाड्यांच्या गर्दीत पुरातत्त्व संग्रहालय कोणी काढलंच नाही! टोपकापीच्या पहिल्या चौकातून उतरलं की पाच मिनिटांवर. ओस्मान हामदी बे या माणसाने ते उभं केलं, १८९१ मध्ये मुख्य इमारत उघडली. हामदी बे स्वतः उत्तम चित्रकार. त्याचं कासवांना शिकवणाऱ्या माणसाचं चित्र (१९०६) पेरा संग्रहालयात आहे, तेही बघा. देशातल्या पुराणवस्तू परदेशी उत्खननवाल्यांनी उचलून नेऊ नयेत म्हणून त्याने १८८४ मध्ये कडक कायदा करवून घेतला. या एका गोष्टीसाठी मी त्याला फार मानतो.

१८८७ मध्ये त्याने सिदोनला, म्हणजे आजच्या लेबनॉनमध्ये, राजघराण्याच्या थडग्यांचं उत्खनन केलं. तिथे मिळालेली संगमरवरी शवपेटी 'अलेक्झांडरची' म्हणून ओळखतात. ती अलेक्झांडरची नाही, तो तिच्यावर कोरलेला आहे. सिदोनच्या राजाची, अब्दालोनिमसची, असं बहुतेक अभ्यासक मानतात. एका लांब बाजूला ग्रीक आणि इराणी यांची लढाई, दुसऱ्या बाजूला सिंहाची शिकार. वाकून बघितलंत तर इराण्यांच्या कपड्यांवर मूळ रंगाचे ठिपके अजून दिसतात. ग्रीक शिल्पं पांढरीशुभ्र असायची ही समजूत तिथेच पुसली जाते.

आणि कादेशच्या तहाची मातीची पाटी. इजिप्तचा दुसरा रामसेस आणि अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) हित्ती साम्राज्याचा राजा हत्तुसिली यांच्यातला इसवी सनापूर्वी १२५९ च्या सुमाराचा तह, अक्कादी भाषेत, बाणाकृती लिपीत. तिची मोठी प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात लावली आहे. ही पाटी ज्या हत्तुशा नगरीच्या उत्खननात मिळाली, तिथेच शेजारच्या मितानी राज्याच्या राजाबरोबरच्या तहाच्या पाट्या सापडल्या, ज्यांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षीला बोलावलंय. वेदातली नावं, अनातोलियाच्या मातीत! मूठभर आकाराच्या पाट्या असतात या. लोक घाईघाईत पुढे जातात.

ओंजळ

माझ्याकडे विमान बदलताना मिळणारा एकच दिवस आहे. काय करू? दोन्ही वाडे बघायचा मोह होतोय.

शिलालेखवेडा

मोह आवरा. टोपकापी आणि पुरातत्त्व संग्रहालय. दोन्ही एकाच टेकडीवर, प्रवासात वेळ जात नाही.

सांजवेळ

मी म्हणेन टोपकापी, आणि दुपारी नुसती उस्कुदारची फेरी बोट. डोल्माबाह्चे पाण्यातून पूर्ण दिसतो, तसा तो आतून कधीच दिसत नाही.

ओंजळ

दोघांचंही पटतंय. टोपकापी नक्की, बाकीचं दुपारी पायांना विचारून ठरवेन. धन्यवाद!

दर्यावर्दी

ज्यांच्याकडे जास्त दिवस आहेत त्यांनी आशियाच्या बाजूचा बेयलरबेयी चुकवू नये. सुलतान अब्दुलअझीझने १८६० च्या दशकात बांधलेला उन्हाळी वाडा. फ्रान्सची सम्राज्ञी युजीनी १८६९ मध्ये इथे उतरली होती, आणि पदच्युत झालेला दुसरा अब्दुलहमीद १९१८ मध्ये इथेच नजरकैदेत वारला. डोल्माबाह्चेहून पुष्कळ लहान, त्यामुळे माणूस राहत असेल असं वाटतं. गर्दी जवळजवळ नाही. शेवंती, तुमच्या बाबांना हा नक्की आवडेल, पायांना त्रासही कमी.

शेवंती

सगळ्यांचे आभार. आमचा बेत असा जमतोय: रविवारी पोहोचून आराम, सोमवारी डोल्माबाह्चे, मंगळवारी टोपकापी, बुधवारी पुरातत्त्व आणि गुरुवारी बेयलरबेयी. ठीक आहे ना?

रानजाई

शेवंती, नाही! डोल्माबाह्चे आणि बेयलरबेयी सोमवारी बंद असतात, टोपकापी मंगळवारी. सोमवारी टोपकापी करा, म्हणजे क्रमही आपोआप बरोबर लागेल. त्या दिवशी दुसरे वाडे बंद म्हणून गर्दी जास्त असते, दरवाजा उघडायच्या आधी पोहोचा. मंगळवारी पुरातत्त्व. बुधवारी डोल्माबाह्चे, ट्रामने कबाताशला उतरून काठाने चालत. गुरुवारी बोटीने उस्कुदार आणि तिथून बसने बेयलरबेयी. राजवाडे आणि पुरातत्त्व संग्रहालय वेगवेगळ्या सरकारी खात्यांकडे आहेत, त्यामुळे एका पासवर सगळं चालेल असं गृहीत धरू नका. निघायच्या आठवड्यात दोन्हींची अधिकृत संकेतस्थळं उघडून वेळा, दर आणि डागडुजीसाठी बंद असलेली दालनं बघून घ्या.